पासष्ट अंशांवर

"खोटं बोलू नका, चंद्रावतीबाई. पट्टी घातलीच नाहीत तुम्ही."

कोनमापक चंद्रावतीच्या बोटावर ठेवून अंकिताने आकडा वाचला. सत्तर अंश. तीन आठवड्यांपूर्वी ते बोट पंचवीस अंशच वाकलेले होते. खांदा कॉलनीतल्या या दवाखान्यात ती अकरा वर्षे हातांवर उपचार करत होती, आणि रुग्णांच्या सबबींचे तिने मनोमन वर्गीकरण केले होते: लग्न, देवी आणि नातेवाइकाने आणलेले तेल.

"अंघोलीपुरती सोरली, बाकी रातदिस हातावर व्हती," चंद्रावती म्हणाली. "आमच्या गावात, करंज्याला येऊन इचारा."

"मोजमाप खोटं बोलत नाही."

"मंग काय मी खोटी?"

तळहातावर कढईतले उकळते तेल सांडून तीन महिने झाले होते. जखम भरली होती. संकट त्या भरण्यातच होते. नव्या व्रणातल्या पेशी भोवतालचे तंतू धरून ओढतात. ओढल्याने ऊतक ताठरते, आणि ताठर ऊतकात पेशी आणखी जोराने ओढतात. या चक्राला नवस कळत नाही. फक्त ताण कळतो. म्हणून बोटे सरळ धरून ठेवणारी, हाताच्या मापाची प्लास्टिकची पट्टी. बोटे मिटलेली राहिली तर मासळीच्या धंद्यातल्या चंद्रावतीच्या मुठीत मासळी शिरणारच नव्हती. उरली असती शस्त्रक्रिया, तीही खात्रीची नव्हे.

अंकिताने फाइलमध्ये लिहिले: रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.

"काय लिवलं?"

"तुम्ही ऐकत नाही, ते."

शेजारी बसलेल्या सुनेने, दिपिकाने, पिशवीतून पट्टी काढून टेबलावर आपटली. "ही बघा! रोज मीच बांधते आईंना."

पट्टी मुठीच्या आकाराची झाली होती. आतल्या बाजूला बोटांचे स्वच्छ ठसे होते.

"गरम पाण्यात घातली होती?"

"तुमीच बोललाव ना!" चंद्रावती उसळली. "मागल्या टायमाला, नाक दाबून. मासलीचा वास येतो, धुऊन आना, नायतर येऊ नका. सगल्या बायकांसमोर! साबनानं वास जाईना, मंग पानी उकललं. नरम झाली तशीच बांधली हातावर. मस्त बसली."

ते प्लास्टिक पासष्ट अंश सेल्सिअसवर मऊ पडते. पट्ट्या घडवताना अंकिता रोज पाण्याला तापमापी लावून तेच पाहत असे; चंद्रावतीला तिने ते सांगितले नव्हते. मऊ पट्टीला व्रणाने आपल्याकडे ओढले, ती तशीच थंड झाली, आणि पुढचे एकवीस दिवस पेशींचेच काम करत राहिली. एवढ्या काटेकोरपणे अंकिताची आज्ञा क्वचितच कोणी पाळली असेल.

तिने फाइलमधले ते वाक्य खोडले. खाली लिहिले: पट्टी गरम पाण्यात घालू नये, हे मी सांगितले नव्हते. सही केली आणि फाइल दिपिकाकडे सरकवली. दिपिकाने ते सासूला वाचून दाखवले.

"लिवून हात उघरतो काय?" चंद्रावतीने विचारले.

"नाही."

"मंग आता?"

"नवी पट्टी करते. आधी बोटं ताणावी लागतील. दुखेल. तरीही किती उघडतील, मला माहीत नाही."

"आज पैल्यांदा नीट बोललाव."

चंद्रावतीने स्टूल पुढे ओढले, पदर खोचला आणि हात टेबलावर ठेवला. "ताना. मी वरडनार नाय."

अंकिताने दोन्ही अंगठे तिच्या मुठीत घालायला घेतले. आत जागा एकाच अंगठ्यापुरती होती.