आर्व्होच्या खराट्याचे ओरखडे

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. आज मला पाहाल तर जुनी म्हणणार नाही. माझ्या बॉनेटमध्ये तुम्हाला स्वतःचा चेहरा दिसेल, मागची बर्चची झाडेही दिसतील. हे पाहून कुणी माझे कौतुक करू नये, म्हणून माझी हकीकत सांगते.

समुद्रकाठच्या एका कारखान्यात माझा पत्रा रंगला. आधी गंज न धरणारा लेप, मग गडद निळा रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. हा वरचा थर नखाहूनही पातळ असतो. त्याच्या जिवावर आम्ही आयुष्यभर चमकतो.

उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या, केमी नदीकाठच्या गावातल्या आर्व्होने मला घेतले. तो लाकूडगिरणीत होता. मी त्याला कामावर नेले, त्याच्या मुलांना, सिर्कूला आणि सामुलीला, शाळेत सोडले, आणि एका हिवाळ्यात त्याच्या बायकोला इस्पितळात नेले. परत येताना तो एकटाच होता. त्या रस्त्याने त्याने रेडिओ लावला नाही.

पुढे त्याची नजर अधू झाली आणि त्याने गाडी चालवणे सोडले. मला मात्र विकले नाही. रोज सकाळी तो अंगणाचा खराटा घेऊन यायचा आणि माझ्यावरचा बर्फ झाडायचा. बर्फात पाय घसरू नये म्हणून अंगणात टाकलेली खडी खराट्यात अडकलेली असे. हळूहळू माझ्या अंगभर ओरखडे उमटले. उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसत.

पण आमच्या गावात बर्फाखाली राहिलेली गाडी म्हणजे घरात कुणी उठलेले नाही. समोरची लेम्पी कॉफी ठेवता ठेवता खिडकीतून मला बघे. सिर्कू दूर दक्षिणेला नोकरीला होती. तिचा फोन लेम्पीला येई.

“काकू, निळी झाडली का?”

“झाडली. जोर असा की आता माझीही झाडून देईल.”

मग सिर्कू निवांतपणे कामाला लागे. आर्व्होला यातले काही सांगितलेले नव्हते. आपल्यावर कुणी लक्ष ठेवते म्हटल्यावर तो मला मुद्दाम बर्फाखाली गाडून ठेवील, असे सिर्कूला वाटे. सामुलीलाही सांगितलेले नव्हते, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे.

फेब्रुवारीत सामुली आला आणि मला पाहून ओरडलाच.

“बाबा, खराट्याने गाडी झाडतात का कुणी?”

“मग काय कंगव्याने झाडू?”

“मऊ ब्रश आणून दिला होता ना!”

“तो गालाला पावडर लावायचा आहे. बर्फ हसतो त्याला.”

“मी नेतो हिला. शुक्रवारी नवी करून आणतो.”

“राहू दे. तिचं इथं काम आहे.”

“कसलं काम? चालवता तरी का तुम्ही तिला?”

आर्व्होने एकवार समोरच्या खिडकीकडे पाहिले. मग त्याने खराटा भिंतीला टेकवला. तो आत गेला आणि सामुलीने मला नेले. माझ्या काचा गोठलेल्या होत्या. आत किती माणसे आहेत, ते लेम्पीला खिडकीतून दिसले नाही.

शहरातला यार्नो गाड्यांचा रंग पूर्ववत करण्यात तरबेज होता. त्याने माझ्यावर दिवा धरला आणि शीळ घातली.

“हे मांजराने केलं की अस्वलाने?”

“आमच्या म्हाताऱ्याने,” सामुली म्हणाला. “खराट्याची कलाकुसर.”

दोघेही हसले. यार्नोने मला धुतले, मऊ मातीच्या गोळ्याने रंगात रुतलेली धूळ उचलली आणि फिरत्या यंत्राने, आधी कडक मग मऊ गादी लावून, घासत नेले. तुम्हाला वाटत असेल की ओरखडे भरून काढतात. तसे नाही. ओरखड्याच्या तळाशी पोचेपर्यंत भोवतालचा थर उतरवतात. सगळेच खाली आले की ओरखडा दिसत नाही.

त्याच दिवसांत फोनवर काय बोलणे झाले, ते मला नंतर सिर्कू आणि लेम्पी माझ्याच शेजारी उभ्या राहून बोलत होत्या तेव्हा कळले.

“काकू, निळी झाडली का?”

“अगं, निळी नाहीच अंगणात. सामुली घेऊन गेला वाटतं बाबांना. बरं झालं, चार दिवस आयतं जेवतील.”

सिर्कूला बरे वाटले. भावाने एकदाचे बापाला घरी नेले, म्हणून तिने त्याला फोनही केला नाही. उगाच काही बोलून मोडता घालायला नको. लेम्पीही दार ठोठवायला गेली नाही. कुणाच्या दारी विनाकारण जायचे नाही, हा आमच्याकडचा शिष्टाचार आहे.

शुक्रवारी सामुलीने मला दारात उभे करून हॉर्न वाजवला. आतून कुणी आले नाही. समोरची खिडकी उघडली.

“एकटाच आलास? बाबा कुठेत?”

“घरात असतील की!”

“म्हणजे तुझ्याकडे नव्हते?”

पायऱ्यांवरच्या बर्फावर एकही पाऊल नव्हते. आर्व्हो दाराच्या आतल्या बाजूला पडला होता. अंगात कोट होता, पायात एकच बूट. डॉक्टरांनी सांगितले की तो पडल्यापडल्या गेला नव्हता. किती वेळ, ते सिर्कूने विचारले. सामुलीने विचारले नाही.

दफन झाल्यावर सिर्कू माझ्याजवळ आली. हातमोजा काढून तिने बॉनेटवर तळवा फिरवला, मग टपावर, मग दारावर. तळवा कुठेही अडला नाही.

“सगळे काढलेस?”

“एकही राहिला नाही,” सामुली म्हणाला.

मित्रांनो, शेवटी बोध सांगायची रीत आहे, म्हणून सांगते. म्हाताऱ्या माणसाच्या दारातली वस्तू दुरुस्तीला नेण्याआधी ती तिथे काय करते, ते त्याला विचारा. त्याने उत्तर दिले नाही तर ती तिथेच राहू द्या आणि तुम्हीही थोडे थांबा. माझी काळजी घ्या, असे मात्र मी कुणाला म्हणणार नाही. माझी काळजी भरपूर घेतली गेली.