वाटीतलं लाल पाणी

सकाळी आठला वाटीबाबांच्या दारापासून लाँड्रीच्या काउंटरपर्यंत रांग लागायची, आणि रांगेतला जो तो गाल धरून उभा. तोंड आलेल्या माणसाला धड बोलता येत नाही, पण बाबांचं कौतुक मात्र सगळे बोबड्या सुरात न थकता करायचे. बाबा तोंडात पिवळा लेप लावायचे, डोळे मिटून पुटपुटायचे आणि आपल्या पांढऱ्या वाटीत थुंकायला सांगायचे. पिवळी थुंकी बघता बघता लालभडक व्हायची.

"हे मेलेल्या जंतूंचं विषारी रक्त. उद्या आणखी काढू," बाबा म्हणायचे. आठवड्याभराने थुंकी पिवळीच राहिली, की विष संपलं.

लाँड्रीवालीला या चमत्काराचं सोयरसुतक नव्हतं. पण तिचा थोरला भाऊ, समोरचा शिंपी, पाच आठवडे त्या रांगेत उभा होता. जिभेच्या कडेला जखम, पोटात नुसतं थंड दूध.

"दादा, दवाखान्यात चल."

"विष जुनं आहे गं. रोज निघतंय, मी डोळ्यांनी बघतो ना."

तिला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. इतके दिवस न भरणारी जखम कसली असू शकते, ते ती मनातसुद्धा पुरतं म्हणत नव्हती.

मग एके दिवशी त्याचा सदरा धुवायला आला. कॉलरवर लेपाचा पिवळा डाग. तिने साबण लावला आणि डाग लाल झाला. हळदीचे असे डाग तिने आयुष्यभर काढले होते, पण आज ती सदरा हातात घेऊन उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती दादाबरोबर रांगेत शिरली. बाबांनी घरी लावायला दिलेल्या पुडीतला लेप तिने एका पांढऱ्या रुमालाला फासून आणला होता. नंबर आला, बाबांनी दादाच्या तोंडात लेप लावला, आणि तिने रुमाल ओला करून सरळ बाबांच्या वाटीत फिरवला. लाल.

"बाबा, माझ्या रुमालालाही तोंड आलंय का हो?"

रांग हसली, आणि हसताना दुखलं म्हणून कण्हली. तिने घरची स्टीलची वाटी पुढे केली. "दादा, आता यात थुंक."

पिवळंच राहिलं.

"लेपात हळद आहे आणि बाबांच्या वाटीत आधीच धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलेलं आहे. हळदीला सोडा लागला की ती लाल होणारच. ज्या दिवशी तुम्हाला बरं करायचं, त्या दिवशी वाटी स्वच्छ विसळायची, झालं."

"श्रद्धा नसेल तर गुण येत नाही," बाबा पुटपुटले.

"रुमालाला कुठे होती श्रद्धा?" ती म्हणाली, आणि दादाला हाताला धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

त्यांनी आधी विचारलं, "दोरा कशाने तोडता?"

"दातांनी. तीस वर्षं."

दोरा तोडायच्या दाताचा टवका उडाला होता आणि त्याची धार रोज जिभेला कापत होती. त्यांनी दात घासून गुळगुळीत केला, जखमेचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला आला, कॅन्सर नव्हता. दहा दिवसांत जखम भरली.

"मग तो लेप खोटाच का?" शिंप्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"अशा लेपांतल्या हळद, ज्येष्ठमध यांनी काही जंतूंची वाढ रोखली जाते, प्रयोगशाळेत तसं दिसलंय. साधं तोंड आलं तर थोडा आराम पडेलही. पण ते बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपलं आपणच बरं होतं, आणि बाबा श्रेय घेतात. लेपाने दाताची धार जाणार होती का? तीन आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांनाच दाखवायची."

तो रुमाल आता लाँड्रीच्या काउंटरवर टांगलेला असतो. कोणी विचारलं, की ती सोड्याचं पाणी घेऊन सगळं करून दाखवते. "रंग बदलला म्हणून हात जोडू नका, कशाने बदलला ते विचारा," एवढंच सांगते. मध्येच समोरच्या दुकानाकडे तिची नजर जाते. सवयीने दोरा दाताखाली गेलेला असतो.

"दादा, कात्री."