शब्दकोशाला मिटता आलं नाही

मी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश. बदलापूरला, खरवईच्या एका नव्या इमारतीत, दिनानाथांच्या घरी राहतो.

अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा दिनानाथांनी मला उल्हासनगरात विकत घेतलं. "ले लो साईं, सारी अंग्रेजी अंदर है," दुकानदार म्हणाला होता. माझी पानं चाळत दिनानाथ इंग्रजी शिकले. मग त्यांचा मुलगा शौनक माझ्याच आधारानं शाळा शिकला. पुढे मोबाइल आले आणि मी टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सखाली गेलो. माणसं शिकली की पुस्तकांना अशीच कामं मिळतात. राग नाही.

आज दुपारी दिनानाथांच्या पत्नी कुमुदिनीताईंनी मला तिथून ओढून काढलं. दिनानाथांच्या पोटात गाठ आहे. सगळे नुकतेच हॉस्पिटलमधून आले होते.

"आई, आता पॅलिएटिव्ह सुरू करणार. नवीन ट्रीटमेंट आहे," एवढं सांगून शौनक तडक औषधं आणायला गेला. ताईंनी देवापुढे साखर ठेवली. पण बोलताना मुलानं तोंड फिरवलं होतं, ते त्यांना खुपत होतं.

चष्मा लावून त्या 'पी'ची पानं उलटू लागल्या. माझी पानं जुनी, एकमेकांना चिकटलेली. आणखी थोडी चिकटून राहिली असती तर! पण मला खोटंही बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. पॅलिएट : रोग बरा न करता वेदना कमी करणे. खाली त्याचंच कुटुंब, पॅलिएशन, पॅलिएटिव्ह. ताईंचं बोट त्या ओळींवरून पुन्हा पुन्हा फिरलं. 'बरा न करता'पाशी येऊन थांबलं.

"काय गं, सापडला का?" पलंगावरून दिनानाथांनी विचारलं. "की डिक्शनरीपण माझ्यासारखी रिटायर झाली?"

"सापडला की. वेदना कमी करणे."

"एवढंच?"

"एवढंच हो."

दिनानाथांनी ताईंच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाले, "बरं. पुढचा शब्द वाच."

पुढचा होता पॅलिड, म्हणजे फिकट, निस्तेज. त्याखाली पॅलर, तोच फिकटपणा. माझ्याकडे शेजारीही असेच! ताईंनी दोन्ही गाळले.

"पाम," त्या म्हणाल्या. "तळहात."

दिनानाथांनी हात पुढे केला. तो धरताना मी ताईंच्या मांडीवरून घसरलो आणि उघडाच खाली पडलो. दोघांनीही मला उचललं नाही.

जिन्यात शौनकची पावलं वाजताहेत. बाळा, आत आलास की आधी माझं हे पान मिट. आणि आईबाबांच्या जवळ बसून जे काय आहे ते तुझ्या तोंडानं, आपल्या भाषेत सांग. माझ्यावर सोपवू नकोस रे. मला अर्थ सांगता येतो, पाठीवरून हात फिरवता येत नाही.