रुप्रांशचं दुपटं

"यापेक्षा एखाद्या खोकल्याच्या औषधाचं नाव तरी बरं," इंदुबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मी सुईत दोरा ओवत होते, म्हणून हसता आलं नाही. समोर पलंगावर त्यांची रुपाली बसलेली, मांडीवर नऊ दिवसांचं पोर आणि हातात मोबाइल. तिला ऐकू गेलंच.

"आई, युनिक आहे ते. रुपालीतला रु, प्रसादमधला प्र आणि पुढे अंश. रुप्रांश."

"आणि दत्तप्रसादातले दत्त कुठं गेले?"

"ते जुनाट वाटतं गं."

इंदुबाईंनी देवघराकडे बघून हात जोडले. बहुधा दत्तांची माफी मागितली असावी.

वारज्यातल्या आमच्या इमारतीत इंदुबाईंच्या समोरचं दार माझं. बारशाची दुपटी शिवायची आणि त्यांवर साखळीटाक्यानं बाळाचं नाव काढून द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे गेल्या दहा वर्षांत या भागात मुलग्यांची जी काही नावं ठेवली गेली ती सगळी माझ्या बोटांखालून गेली आहेत, आणि माझं मत चांगलं नाही. एक वर्ष नुसतं विआनचं होतं. मग कियान, रियान, हृदान, अव्यान. एकाच साच्यातली बिस्किटं. त्यानंतर अंशांची साथ आली. रेयांश, युवांश, क्रियांश, आणखी कुठकुठले अंश. अख्खा देव कुणालाच नको, सगळ्यांना तुकडा पाहिजे. अर्थ विचारावा तर आईबाप मोबाइल पुढे करतात. अर्थ दोनच असतात, एकतर सूर्याचा पहिला किरण, नाहीतर विष्णूचा अंश. आमच्या तीन इमारतींत मिळून विष्णूचे अकरा अंश आहेत आणि त्यातल्या एकालाही स्वतःचं नाक पुसता येत नाही.

शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं जे काही आलं ते रद्दीच्या दुकानातून. तिथंच मिळालेला एक जाडजूड शब्दकोश माझ्या मशीनशेजारी असतो. नवीन नाव आलं की मी आधी त्यात बघते. बहुतेक वेळा पुस्तक मिटून ठेवावं लागतं. मागे एका बापाला मी सांगितलंसुद्धा, "अहो, हा शब्दच नाहीये." तर तो खूश होऊन म्हणाला, "म्हणूनच ठेवलंय, काकू. गूगलवर दुसरा कुणी निघणार नाही." पोरगं अजून मान धरत नव्हतं आणि याला ते गर्दीत हरवण्याची काळजी!

तर रुप्रांश. कोशात नव्हतंच. मी उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

"शर्ट काढून ठेवलायस ना?" मी रुपालीला विचारलं.

दुपट्याचा माझा एक नियम आहे, सासूबाईंकडून आलेला. आतून आजीचं जुनं लुगडं, नाहीतर साडी, आणि वर मधोमध बापाचा वापरून वापरून मऊ झालेला सदरा. नवं कापड मी घेत नाही. ते टोचतं, आणि त्याला बापाचा वास नसतो.

रुपालीनं उशाखालून एक पुडकं काढलं. आकाशी शर्ट, कॉलरीत पुठ्ठा, टाचण्याही जागच्या जागी.

"अगं, हा दुकानातला आहे. जुना दे. घरात घालतो तो."

"जुने सगळे त्यानं बंगलोरला नेलेत, काकू. प्रोजेक्ट आहे ना."

इंदुबाई घडी घातलेले लंगोट उलगडून पुन्हा घडी घालायला लागल्या.

आमचे हे होते तेव्हा दोन वर्षं नोकरीसाठी नाशकात होते. जाताना चांगले चार कपडे बरोबर नेले आणि विरलेले बनियन, गुडघ्यात फाटलेला पायजमा इथंच खुंटीला ठेवला. ज्याला परत यायचं असतं तो असंच करतो. फाटके बनियनसुद्धा गोळा करून नेणारा माणूस प्रोजेक्टवर जात नसतो.

हे मी बोलले नाही. "दोनदा धुवून घेते," एवढंच म्हणाले.

"काकू, नाव काढून झालं की मला फोटो काढू द्या हं. त्याला पाठवायचाय. दोघांचं एकत्र बघितलं की..." तिनं पोराच्या टाळूवरून हात फिरवला. "आवडेल त्याला. बारशाला येतो म्हणालाय. म्हणजे, बघतो म्हणालाय."

घरी येऊन मी तो शर्ट दोनदा नाही, पाच वेळा धुतला. उन्हात वाळवला, हातानं चुरगाळला, पुन्हा धुतला. मऊ झाला. वास मात्र साबणाचाच राहिला.

नाव काढताना एरवी मी मनात आईबापांचा उद्धार करत असते. या वेळीही केला, सवयीनं. नाव भिकारच होतं, त्यात शंका नाही. पण बाकीचे लोक गर्दीतून वेगळं निघायला असली नावं ठेवतात. या पोरीनं एका माणसाला बांधून ठेवायला ठेवलं होतं, आणि दावं म्हणून हातात काय, तर दीड अक्षर.

दुसऱ्या दिवशी तिनं फोटो काढला, पाठवला आणि मला मोबाइल दाखवला. "निळ्या रेघा आल्या, काकू. बघितलं त्यानं."

पुढचे दोन दिवस ती त्या रेघाच बघत होती.

बारसं रविवारी, सकाळी दहाला. पाळण्याला शेवंतीच्या माळा लावल्या होत्या. बायका जमल्या. नाव ठेवायचं ते आत्यानं, म्हणजे दत्तप्रसादच्या बहिणीनं, उत्कर्षानं. ती आईवडिलांना घेऊन हडपसरहून येणार होती. दत्तप्रसादही पहाटे तिथं उतरून त्यांच्याबरोबरच येणार, असं इंदुबाईंनी चारचौघींना सांगून ठेवलेलं.

साडेदहा झाले. "ट्रॅफिक असेल," कुणीतरी म्हणालं.

रुपालीची ऑफिसातली मैत्रीण ऋतुजा मोबाइलवर नकाशा उघडून बसली. "मगरपट्ट्यापाशी लाल दाखवतंय. जॅम आहे, सीरियसली."

अकरा झाले. "स्वारगेटला अडकले असणार. तिथं काय, रोजचंच."

साडेअकरा. "कर्वेनगरला खोदून ठेवलंय ना हो सगळं."

अशी आम्ही बायकांनी त्या मंडळींना तोंडानंच हडपसरहून उचलून टप्प्याटप्प्यानं कर्वेनगरपर्यंत आणलं. वाटेत कुठं चहासुद्धा पाजला असेल. फोन मात्र एकीनंही लावला नाही. लिफ्टचा आवाज झाला की रुपाली पदर सारखा करायची, आणि शेजारच्यांचं दूध आलेलं असायचं.

दाराशी खुर्ची टाकून तिचे वडील ज्ञानदेव बसले होते. मांडीवर पेढ्यांचा खोका. पीएमटी बसचे निवृत्त ड्रायव्हर. मुळातच कमी बोलणारे. सकाळपासून तर या गृहस्थांनी तोंडच उघडलं नव्हतं.

बारा वाजत आले. पोर भुकेनं कुरकुरायला लागलं.

"कुसुमकाकू, तुम्हीच आत्या व्हा ना," ऋतुजा म्हणाली. "म्हणजे, टेंपररी. त्या आल्या की परत करू."

"बारसं आहे की रंगीत तालीम?" मी म्हटलं. पण उठले. कुणीतरी उठायलाच हवं होतं.

कुंचीत गुंडाळलेला वरवंटा पाळण्याच्या खालून वरून फिरवून झाला. पोराला पाळण्यात घातलं. ते बरोबर त्या आकाशी तुकड्यावर आलं आणि त्यानं तोंड वळवून कापडाला नाक लावलं. माझ्या पाठीत धपाटे घालायला बायका हात सरसावून उभ्या राहिल्या. मी वाकले.

कुर्रर्र केलं. पुढं जीभ हलेना. एवढी नावं टाकली असतील मी कापडावर, शिव्या देत, पटापट. कानात सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मी मान वर करून रुपालीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. दाराकडे बघत होती.

"थांबा हो कुसुमताई, पाचच मिनिटं," इंदुबाई घाईनं म्हणाल्या. "आता वारजे पुलापाशी आले असतील. तिथं ट्रॅफिक..."

ज्ञानदेवांनी पेढ्यांचा खोका खाली ठेवला.

"एकतीस वर्षं मी हडपसर ते वारजे गाडी चालवली," ते म्हणाले. "रविवारी सकाळी सव्वा तास लागतो. गणपतीत दोन."

ऋतुजानं मोबाइल उलटा ठेवला.

"अहो, आज नको," इंदुबाई म्हणाल्या. "पोराचं बारसं आहे."

"म्हणूनच. त्याच्या कानात पहिलीच गोष्ट खोटी नको जायला."

ते उठले, रुपालीजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हडपसरहून कुणी निघालेलंच नाहीये, बाळा. दत्तप्रसाद तुला सोडून गेलाय."