नावाआधीची खरवडलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना शाईचा पेन आहे. काळा, जाडजूड, अंगाने धट्टाकट्टा. माझ्या दांडीवर एक नाव कोरलेलं आहे आणि त्या नावाच्या आधी थोडी जागा खरवडलेली आहे. ती दिसली की लहान मुलं हमखास विचारतात, "इथे काय होतं?" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. इतकी वर्षं मी टोपण घट्ट लावून गप्प बसलो. आज सांगूनच टाकतो.

माझा जन्म आंध्रातल्या गोदाकाठच्या राजमहेंद्रीचा. तुमच्या नाशकाकडून निघालेल्या गोदावरीने मला कधी हसू नये, म्हणून मी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. तिथल्या एका बोळात वीरभद्राचारींचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. एक लेथ, एक खिडकी आणि गिऱ्हाइकासाठी एक डुगडुगतं स्टूल. आचारींनी मला एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या कांबीतून कातलं, घासलं आणि कापडाने असं चकाकवलं की माझा मलाच गर्व झाला. त्यांचा एक रिवाज होता. गिऱ्हाइकाला समोर बसवून चार ओळी लिहायला लावायच्या, त्याचा हात बघून निब घासायची, आणि मग दांडीवर त्याचं नाव कोरायचं. एकदा नाव पडलं की पेन त्याचा झाला.

एका सकाळी तापेश्वरमचे सुब्बारायुडू आले. त्यांचं काज्याचं, म्हणजे तिकडच्या एका मिठाईचं दुकान. पाकात मुरलेले, दाबले की रस गळणारे काजे. माणूस पायरीवर यायच्या आधी आवाज आत आला.

"आचारीगारू, सगळ्यात भारी पेन काढा! पोरगा डॉक्टर झाला माझा!"

"वा! कसला डॉक्टर?"

"भातावरच्या किड्यांचा. हसू नका, पीएच.डी. आहे! काल तोंडी परीक्षा झाली. आमच्या घराण्यात आजवर कुणी पाकाच्या तारेपलीकडे काही शिकलं नव्हतं."

मागे त्यांचा मुलगा मृत्युंजय उभा होता. आचारींनी आमचा ट्रे पुढे केला. मृत्युंजयने एक बारीकसा तपकिरी पेन उचलला.

"ही काय काडी? दात कोरायचेत का?" सुब्बारायुडू म्हणाले. "डॉक्टरचा पेन रस्त्यापलीकडून दिसला पाहिजे. हा घे!" आणि त्यांनी मला उचललं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी फुशारलो.

मृत्युंजयने मला धरलं तेव्हा त्याची बोटं गार आणि ओली होती. त्याने फक्त आपलं नाव लिहिलं. आचारींनी निब घासून दिली आणि विचारलं, "काय कोरू?"

"आधी डॉक्टर, मग मृत्युंजय. ठळक!"

"नान्ना, नुसतं नाव राहू दे ना," मुलगा वडिलांना म्हणाला.

"गप रे! बघा कसा लाजतोय, जसं काही याला मुलगी दाखवायला आणलंय."

आचारींनी चष्म्यावरून बघितलं. "पदवीचा कागद हातात आला का? नाही, विचारून ठेवलेलं बरं."

"कागद येईल मागाहून. अहो, उद्या गाव जेवायला बोलावलंय मी!"

मृत्युंजयने सांगायला तोंड उघडलं, पण वडील तोवर पैसे मोजू लागले होते. आचारींनी टोकदार हत्याराने कोरलं आणि खाचेत पांढरा रंग भरला. मी तर नवऱ्यामुलासारखा सजलो.

दुसऱ्या दिवशी भर मांडवात सुब्बारायुडूंनी मला मुलाच्या खिशाला लावलं. टाळ्या पडल्या. पाठोपाठ मृत्युंजय मागच्या खोलीत गेला आणि आईजवळ, मंगतायारूंजवळ, खाली बसला.

"अम्मा, परीक्षकांनी प्रबंध परत केलाय. अर्धं काम पुन्हा करायला सांगितलंय, मग पुन्हा परीक्षा. फोनवर मी म्हटलं, 'परीक्षा झाली, पण...' तेवढ्यात नान्ना दुकानात ओरडले, 'झाला, डॉक्टर झाला!' मागे लोक शिट्ट्या मारत होते."

"मग आत्ता सांग जा."

"आत्ता? पंगत बसलीय, अम्मा."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का रे बाळा?"

मी त्याच्या खिशात होतो. आपल्या अंगावर लिहिलेलं खोटं आहे हे मला तेव्हा कळलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण पेनाला कोण विचारतो?

त्याने सांगितलं नाही. पुढे रोज तो मला खिशाला असं लावी की नाव सदऱ्याकडे राहील. लोक तरी कुठले सोडतात! येणारा जाणारा मला उपसून मोठ्याने वाचायचा. एक काका तर भेटेल तेव्हा म्हणायचे, "डॉक्टर, किड्यांतून वेळ मिळाला तर आमच्या म्हशीकडेही बघा." सगळे खोखो हसायचे आणि मृत्युंजय त्यांच्याहून मोठ्याने हसायचा. ते हसणं ऐकवत नसे. आणि प्रबंध? त्याला तो हात लावत नव्हता. काम सुरू केलं तर घरच्यांना कळेल की काम बाकी आहे. मी कोरडा पडत चाललो होतो.

मग गावच्या शाळेने त्याला बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून बोलावलं. पहिल्या रांगेत सुब्बारायुडू, इस्त्रीचं धोतर नेसून. मृत्युंजय मुलांच्या प्रशस्तिपत्रांवर सह्या करत होता. आमच्यासारख्या पेनांची एक खोड असते. पोटात शाई थोडी आणि हात तापलेला असला, की आतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. त्याचा हात तर तापाने फणफणल्यासारखा होता. एका मुलीच्या प्रशस्तिपत्रावर माझ्याकडून टपकन मोठा डाग पडला. मुलीचा चेहरा एवढासा झाला. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "चालेल सर."

मुख्याध्यापिका कनकदुर्गा वाकून म्हणाल्या, "सर, नावाआधी डॉक्टर लिहायचं राहिलंय. सगळ्यांवरच राहिलंय बघा." समोरचा माइक चालू होता.

"लिही की रे!" सुब्बारायुडू खालून ओरडले. "लाजतो हो तो!"

मृत्युंजयने मला टेबलावर ठेवलं आणि उभा राहिला.

"नान्ना, मी डॉक्टर नाहीये. अजून नाही. परीक्षकांनी मला परत पाठवलंय."

सुब्बारायुडू उठले, इकडेतिकडे बघितलं आणि चालू लागले. चपला घालायचंही भान राहिलं नाही त्यांना. आणि मी टेबलावर नाव वर करून पडलो होतो, सगळ्यांना वाचता येईल असा.

गावाला तर आयतंच कोलीत मिळालं. "अर्धा किलो द्या, अर्ध्या डॉक्टरच्या दुकानातले," म्हणत गिऱ्हाइकं येऊ लागली. सुब्बारायुडूंनी गल्ल्यावर बसायचं सोडलं. ते मागे भट्टीजवळ बसत, कुणाशी बोलत नसत, मुलाशी तर नाहीच. गल्ल्यावर मंगतायारू बसू लागल्या.

समारंभानंतर मृत्युंजयने मला घरच्या फळीवर टाकलं होतं. एक दिवस सुब्बारायुडूंनी मला तिथून उचललं आणि एकटेच आचारींकडे आले.

"हा पहिला शब्द काढा."

"काढतो. पण घासलं की इथे दांडी पातळ होईल. पुन्हा इथे काही कोरता यायचं नाही, विचार करा."

"काढा." ते स्टुलावर बसले आणि एकदम बोलू लागले. "पोरगा फोनवर 'पण' म्हणाला होता हो, आचारीगारू. मी ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर गाव उभं होतं ना! पोराला खोटं पाडलं ते मीच."

आचारींनी कानस घेतली. दुखलं मला, पण अंगावरची घाण निघावी तसं वाटलं. घरी आल्यावर सुब्बारायुडूंनी मला मुलाच्या टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "शाई भरून घे."

मग मित्रांनो, माझे खरे कामाचे दिवस आले. मृत्युंजय दिवसभर शेतात किडे मोजायचा आणि घरी येऊन माझ्याने लिहायचा. खोडायचा, पुन्हा लिहायचा. रोज पोटभर शाई मिळायची. एकही डाग माझ्याकडून पडला नाही.

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. या वेळी मांडव नव्हता. सुब्बारायुडूंनी पदवीचा कागद हातात येईपर्यंत वाट बघितली, मग मुलाला घेऊन आचारींकडे आले आणि चाचरत म्हणाले, "तो शब्द परत कोरता येईल का?"

आचारींनी मला खिडकीशी नेऊन बोटाने चाचपलं. "नाही. हत्यार आरपार जाईल."

सुब्बारायुडूंची मान खाली गेली. "मग दुसरा निवड, बाबू. तुला हवा तो. मी काही बोलणार नाही."

"नको नान्ना. मला हाच हवा."

"मग मी तुला देऊ तरी काय?"

मृत्युंजयने मला खिशाला लावलं. "तुम्ही गल्ल्यावर बसा. भट्टीपाशी तुमची पाठ दिसते, ती मला बघवत नाही."

त्याच संध्याकाळी सुब्बारायुडू गल्ल्यावर बसले. म्हशीवाले काका टपकलेच. "काय सुब्बारायुडू, या वेळी तरी झाला का पोरगा डॉक्टर?"

सुब्बारायुडूंनी मोठा श्वास घेतला. मी मृत्युंजयच्या खिशात होतो. मला वाटलं, आता आरोळी येणार. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि तराजूत काजे घातले.

"तो काय समोर उभा आहे," ते हळूच म्हणाले. "त्यालाच विचारा."

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. खरवडलेली जागा आहे तशीच आहे, आणि तिथे जे मी मिरवलं त्याची लाज अजून गेलेली नाही. तुम्ही कुणासाठी हौसेने पेन घ्याल, तेव्हा भारी घ्या, हलका घ्या, त्यावर नावही कोरा. पण कोरण्याआधी त्याच्या तोंडाकडे एकदा बघा. तो काही सांगू पाहत असेल, तर दोन मिनिटं गप्प बसा आणि त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या.