बिटाचं पाणी

खारूने संडासातल्या फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं आणि आत वाटीतला बिटाचा रस ओतला. पाण्यात लाल धूर सुटावा तसा तो पसरला. झाकण लावून ती बाहेर आली आणि दाराला पाठ लावून बसली.

"अर्धा तास कुणी आत जायचं नाही," तिने जाहीर केलं. "टाकी गळत असेल तर रंग आपोआप खाली भांड्यात उतरतो. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलंय."

"आणि मला लागली तर?" खोलीतून आत्याने विचारलं.

"दम धर. तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

आत्या हसली, पण बॅगेत कपडे रचायचं काही थांबली नाही. आयुष्यभर नर्स होती ती. निवृत्त होऊन भावाकडे राहायला आली, तरी कोपरापर्यंत हात धुवायची सवय सुटली नव्हती. ती आल्यापासून गच्चीवरची टाकी भर दुपारी कोरडी पडायची. काल जेवताना बाबा ताटाकडे बघत एवढंच म्हणाले होते, "आधी पाणी पुरायचं." आज सकाळी आत्याने मैत्रिणीला फोन करून तिच्याकडची रिकामी खोली मागितली.

खारूला हे मुळीच मंजूर नव्हतं. आत्यामुळे तर या घरात जेवताना हसू यायला लागलं होतं.

वेळ संपताच ती आत शिरली. भांड्यातलं पाणी नितळ होतं. तिने वाकून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं, दिवा लावून पाहिलं. पाणी तसंच. टाकी गळत नव्हती. म्हणजे बाबांचंच खरं. बाहेर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

वाटीच्या तळाशी थोडा रस उरला होता. खारूने तो भांड्यात ओतला.

"बाबा, गळतंय."

बाबांनी गुलाबी पाणी पाहिलं, मग टाकीचं झाकण उचललं. आत पाणी गडद लाल. टाकी गळत असती तर नवं पाणी मिसळून रंग फिका पडला असता, हे खारूच्या डोक्यात आत्ता आलं. बाबांनी तिच्या लाल बोटांकडे पाहिलं. तिने हात पाठीमागे नेला.

"अच्छा," ते म्हणाले आणि झाकण हातात धरून तसेच उभे राहिले.

"ताई," शेवटी त्यांनी हाक मारली, "बॅग ठेव आत. फ्लश गळत होता. उगाच बोललो मी."

"तू कुठे बोललास? ताटाशी बोलत होतास," आत्या म्हणाली. मग चेन पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी बाबांनी खरोखरच टाकीतलं रबर बदललं. काढलेलं रबर नव्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दात घासायला गेली, तर बाबा आरशासमोर दाढी करत होते. एरवी दाढी आटपेपर्यंत वाहणारा नळ बंद होता. बेसिनच्या कडेवर मगभर पाणी होतं आणि ते त्यात रेझर बुडवत होते. तिने नळ सोडला. धार बारीक झाली होती. तिने खाली वाकून पाहिलं. बेसिनखालची पाण्याची चावी अर्धी बंद केलेली होती.

"काय शोधतेस?" बाबांनी आरशातूनच विचारलं.

"काही नाही."

"मग चूळ भर आणि नळ बंद कर."

त्या दिवशी गच्चीवरची टाकी रात्रीपर्यंत पुरली.

"रबर चांगलं निघालं हं," आत्या जेवताना म्हणाली.

"हो ना," बाबा म्हणाले आणि खारूकडे न बघता तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.