अक्षतसाठी शाळेचं पुस्तक

न्यूझीलंडमध्ये पोरांची जूनमध्ये घाऊक भरती होत नाही. ज्याचा पाचवा वाढदिवस, त्याचा शाळेचा पहिला दिवस. त्यामुळे रोटोटुनाच्या शाळेत माझ्या वर्गात वर्षभर एकेक नवा जीव येत असतो.

या वयाच्या मुलांना नुसतं ‘वाक्य लिहा’ म्हटलं की ती पेन्सिल चावत बसतात. कुणासाठी तरी लिहा म्हटलं की कामाला लागतात. म्हणून २०१६च्या मार्चमध्ये मी इंग्रजीचा बेत असा आखला, की येणाऱ्या अक्षतसाठी वर्गाने मोठं पुस्तक करायचं. प्रत्येकाचं एक पान, त्यात शाळेतली एक माहिती. नीलने लिहिलं, निळ्या नळाचं पाणी पिऊ नकोस, ते गरम असतं. एकीने लिहिलं, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, विसरलास तर पोहायला मिळत नाही, काठावर बसावं लागतं. मी खूश होते. असे बेत जमले की मी जरा फुशारतेच.

अक्षतची बहीण सिद्धी माझ्याच वर्गात, सहा वर्षांची. तिने शेवटचं पान स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. येत्या शुक्रवारी अक्षत पाच वर्षांचा होणार होता.

रविवारी संध्याकाळी त्याच्या आईचा, वासंतीचा फोन आला.

“ताई, अक्षत गेला.”

ताप मेंदूत गेला होता. गुरुवारी ऑकलंडला हलवलं आणि शनिवारी सगळं संपलं. मी काही बोलायच्या आत ती घाईघाईने म्हणाली, “सिद्धी माझ्या मैत्रिणीकडे, स्नेहलकडे आहे. तिला काही सांगितलं नाहीये. येत्या शनिवारी पुण्याहून आई-बाबा येतायत, ते आले की सांगू. तोवर वर्गात सगळं नेहमीसारखं ठेवाल ना? प्लीज, ताई.”

मी हो म्हणाले. त्या क्षणी कुणी नाही म्हणालं असतं?

पण फोन ठेवल्यावर माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पाच वर्षांपूर्वी काकांनी मला असाच फोन केला होता. “बाबा सिरियस आहेत, मिळेल ते विमान पकड.” बाबा तेव्हा जाऊन सहा तास झाले होते. मी मात्र विमानतळावर त्यांच्या खोकल्यासाठी मध घेतला, दोन विमानांत मिळून वीस तास देवाशी सौदे केले आणि घरासमोर चपलांचा ढीग पाहिल्यावर मला खरं कळलं. माझ्या भल्यासाठीच लपवलं होतं सगळ्यांनी. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

सोमवारी मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्यांना हे पटलं नाही, पण निर्णय आईवडिलांचा, असं म्हणाल्या. मी बेत बदलला. पुस्तक कपाटात टाकलं आणि फुलपाखरांच्या अळ्या आणल्या. अळ्यांवर वाक्यं लिहा म्हटलं. मुलं हरखली.

सिद्धी हरखली नाही. “मिस, वी हॅव टू फिनिश द बुक.” मंगळवारी तेच. बुधवारी तिने स्वतः कपाट उघडून पुस्तक काढलं. दुपारी वासंती आणि तिचा नवरा सुशील दोघंही तिला न्यायला गेटपाशी यायचे. वासंती काळा चष्मा लावून हसत विचारायची, “काय गं, झालं का अक्षतचं पुस्तक? तो बरा होऊन येईल ना, त्याला दाखवू.” सुशील जमिनीकडे बघत उभा राहायचा. मला त्या दोघांची कीव यायची आणि रागही यायचा.

गुरुवारी मुलं मॉर्निंग टीच्या छोट्या सुट्टीत बाहेर पळाली. सिद्धी पुस्तक घेऊन बसून राहिली. शेवटच्या पानावर तिने चित्र काढलं होतं, एक बाक आणि दोन मुलं. खाली ओळ नव्हती. मी तिच्याजवळ खाली बसले.

“काय लिहायचंय, बेटा? मी मदत करू?”

“आय डोन्ट नो. ही कान्ट रीड इट एनीवे.” तिने पेनाचं टोपण लावलं. “ही इज डेड, मिस.”

“तुला कुणी सांगितलं?”

स्नेहलमावशीकडे ती झोपली नव्हती. दाराआड उभं राहून तिने मावशीचं बाबांशी फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. शनिवारीच. पाच दिवस झाले होते.

“मग तू आईबाबांना का नाही विचारलंस?”

सिद्धीने दाराकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “डॅड नोज. बट मम डझन्ट.” आई रोज म्हणते तो बरा होऊन येणार, म्हणजे तिला कुणी सांगितलेलंच नाही, असा तिचा हिशोब. पुस्तक थांबलं तर आईला संशय येईल, म्हणून ते पूर्ण करायचं. “प्लीज डोन्ट टेल हर, मिस. शी विल बी सो सॅड.”

मी तिला जवळ घेतलं. इतका वेळ ती रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही. मी मात्र रडले, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून.

मग तिला मांडीवर ठेवूनच मी फोन लावला. शब्द दिला होता, तो मोडला.

“वासंती, आत्ता ये शाळेत. दोघंही या. सिद्धीला शनिवारपासून सगळं माहीत आहे.”

पलीकडे किल्ल्या उचलल्याचा आवाज आला.

“अगं, तुला कळू नये म्हणून ती पोर रोज तुझ्यासमोर हसतेय.”